वर, खाली, मागं

नाई नाई विमलबाई, गूळ नोका देऊ तिले — ठेवा तो खडा खाली, राग नोका मानू — तुम्ही मायेनंच देऊन राह्यल्या, कळते मले, पन तिच्या दातायले गूळ सोसत नाई, अन् अनोळख्या मानसानं हातात काई देल्लं तर ते तिले त्याहून सोसत नाई. पाह्यलं? हात मांडीखाली दाबून घेतला तिनं. तुमच्याकडं पाहून नाई राह्यली म्हनून अपमान नोका समजू, ती माह्याकडं बी पाहत नाई. दहा वर्साची होईन आता, मी तिची जन्माची माय, पन माह्या डोळ्यात डोळा घालून तिनं पाह्यलं असं मले एखाद्याच खेपी आठवते. सरस्वती नाव ठेवलं तिच्या बापानं. सरस्वती! अन् तोंडातून शब्द म्हनाल तर आपलाच आपल्याले वापस — 'सरू, भाकर खाशीन का?' म्हनलं की तीबी म्हनते 'सरू भाकर खाशीन का'. तेबी मनात आलं तर. बसा तुम्ही असं, भिंतीले टेकून. मानसं बसली बाहीर सपरीत — तुमचे पंजाबराव अन् आमचे हे — त्यायचं चालू द्या. माह्या लेकाची सोयरीक तथी ठरते, पन घर इथी चुलीपाशीच पाह्यलं जाते. पाहा, काय पाह्याचं ते पाहा.

तुमची रुख्मिणी बांगड्या लय भरते का? — नाई, असंच इचारलं. दोनच? बरं आहे. अन् हाक मारते ते मोठ्यानं मारते का हळू? — हसू नोका बाप्पा, मले सैपाकाचं इचारायचं नाई, सैपाक कोनतीबी पोरगी शिकते. हात कसे आहेत तिचे? म्हंजे गोरे-काळे नाई म्हनत मी — हात थंडे असतात का ऊन? काई मानसायचा हात अंगावर पडला की लेकरू निजते, अन् काई मानसायचा पडला की तेच लेकरू दचकते, तसं. तुम्ही म्हनसान ही बाई बह्याडली. पन मले सांगा तर.

तुम्ही तिकडं तुमच्या वडनेरात काय आयकून आल्या ते मले ठाऊक आहे. तुम्ही बोलून नाई राह्यल्या, पन आल्यापासून तुमची नजर घडी घडी तिच्या तोंडाकडं जाऊन राह्यली. आयकलं ना, का आमच्या पोट्टीनं मड्यापुढं तोंड वासलं? हाव. वासलं. खोटं काऊन बोलू. पन कोनाच्या मड्यापुढं अन् कायले — ते कोनी सांगतलं तुम्हाले? नाई सांगत कोनी. मंग मीच सांगते.

आमची शालू — माह्या लेकाची, निवृत्तीची पयली बायको — ह्या घरात आली तवा सरू लहान होती, माह्या कडेवर. शालूही लेकरूच की, बारा-तेरा वर्साची असन. ह्या पोट्टीचे हाल तेव्हा काय सांगू तुम्हाले. जवारीची भाकर खाये ते पांढरीच, थोडी करपली की ताट उलटं. पाटावरची जागा बदलली की रडनं. ढोलताशा वाजला की कानावर हात ठेवून खाटेखाली. अन् तोंडाले तर हात लावू देये नाई. राखुंडी लावाले बसलं की दोघीतिघीनं धरा लागे, एक हात धरे, एक डोस्कं, अन् मी बोट घातलं की चावे. हे पाहा, हा दाताचा वन आहे अंगठ्यावर — तिचाच. मंग मी सोडून देल्लं. म्हनलं, किडले ते किडले, दुधाचे तर आहेत.

शालूनं नाई सोडलं. मी सांगतलं बी नोतं तिले. तिनं काय करावं — सकाळी आंगनातल्या धुन्याच्या दगडावर जाऊन बसे अन् सोताचेच दात घासे. सरूकडं पाहेच नाई. घासता घासता सोताशीच म्हने — 'वर... खाली... मागं... झालं.' झालं म्हनलं की चूळ भरे अन् उठून जाये. रोज तेच, त्याच दगडावर, त्याच आवाजात. सरू दुरून पाहे. मंग जरा जवळ. मंग एक दिवस जाऊन तिच्यापुढं बसली अन् आ केला. मी चुलीपुढून पाहून राह्यली होती, माह्या हातातलं पीठ तसंच राह्यलं. शालूनं एक तळहात तिच्या कपाळावर असा दाबून ठेवला — हलका नाई, चांगला दाबून, हलका हात तिले आवडत नाई — अन् दुसऱ्या हातानं बोट घातलं. वर, खाली, मागं, झालं. अन् झालं म्हनलं की बोट बाहीर. त्यात शालूनं कधी बेइमानी नाई केली. एखादा दाना अटकलेला दिसला तरी झालं म्हनल्यावर परत बोट घाले नाई, उद्याले ठेवे. मी म्हनो, 'अवो, तेवढं काढून टाक ना.' तर म्हने, 'आत्याबाई, झालं म्हनलं मी आता.' मले हसू ये. काय कळत होतं मले.

मंग ती सायबाची लढाई सरत आली अन् मानमोडीच्या तापाची साथ आली. तुमच्याकडं बी काय कमी झालं? — हाव ना, घर नाई सुटलं कोनतं. त्या साली पानी नोतं पडलं, जवारी काळपट बारीक, सरू तोंड लावे नाई त्या भाकरीले, अन् वरून हे. दसऱ्यापासून गावात रोज मडे घेऊन बंड्या जात वढ्याकडं. कोनी कोनाच्या दारी जाये नाई. लिंबाचा पाला जाळून जाळून घरात धूर, लोकायनं लेकरायच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधल्या, सरूनं तोडून फेकली — तिले गळ्यात काई चालत नाई. घरात सारंच बदललं होतं, हे पडले, निवृत्ती पडला, मी पडली, चूल कधी पेटे कधी नाई, अन् ती पोट्टी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाले, चालतच राहे, हात असे झटकत. एकच गोठ त्या घरात बदलली नोती. सकाळचा दगड. शालू शेवटी पडली आमच्यात, साऱ्यायचं करून मंग पडली, अन् ताप असा का अंगावर लाही फुटावी, तरी सकाळी उठून भिंत धरत धरत जाये अन् दगडावर बसे. मी खाटेवरून म्हनलं, 'नोको जाऊ माय, राहू दे आजच्या दिवस.' म्हने, 'मंग तिले काय सांगू?' — काय सांगू म्हने! दुसऱ्या दिवशी नाई उठली ती. तिसऱ्या दिवशी गेली.

आंगनात ठेवली होती, आंघोळ घालाले. बाया चार आल्या, त्याबी पदर नाकाले लावून दूर. अन् सकाळचा वखत होता ना — सरू आली. पुढं येऊन बसली, शालूच्या डोस्क्यापाशी, अन् आ केला. वासलं तोंड अन् बसून राह्यली. हलेना. बाया मागं सरल्या. कोनीतरी म्हनलं, आता गं माय, मड्याले गिळते का काय. अन् ती आपली बसलेली, आ करून, वाट पाहत. लाळ गळून राह्यली हनुवटीवरून. मले तापात उभं राहनं होये नाई — मी सरपटत गेली अन् तिचं तोंड मिटलं ह्या हातानं. तिनं पुन्हा उघडलं. मी पुन्हा मिटलं. तर हे असं आहे विमलबाई. एवढंच झालं होतं. त्याचं गावानं काय केलं ते तुम्ही वडनेरात आयकलं.

पानी घेता का? — घ्या. माहं बोलनं लय होऊन राह्यलं. हा खोकला तसाच आहे, मानमोडीनं मले ठेवलं पन छाती नाई ठेवली जागेवर. चार पायऱ्या चढली की... जाऊ द्या.

मंग काय, मंग ती रोज दगडावर जाऊन बसे. एकटीच. मी गेली तर उठून जाये. राखुंडी नाई, पानी नाई, तोंडाचा वास येये. कार्तिक लागला, पऱ्हाटी कशीबशी वेचून घरात आनली, बंडीनं सरकी काढाच्या जिनात न्यायले मानूस नाई म्हनून तथी आतल्या खोलीत कापसाचा हा एवढा ढीग — अन् सरूनं खानं सोडलं. पयले भाकर सोडली, मंग भात, मंग दूध बी. डोस्कं भिंतीवर आपटे. ह्या इथं, ह्या कोपऱ्यात, पोपडे निघाले पाहा. रडे असं नाई — ओरडे. एकच सूर, दिवसभर. लोकं म्हनत शालूनं धरलं तिले. पोरबाळ न होता गेली, आता ननदेले नेते. एक बोवा आनला होता यांनी, तो म्हने लिंबाच्या डाहळीनं झोडा लागते. यायनं हाव म्हनलं होतं. मी चुलीतलं लाकूड घेऊन दारात उभी राह्यली. यांच्यापुढं! लग्नाले इतके वर्स झाले, मान वर करून बोलली नोती मी. बोवा गेला.

कळलं कसं इचारता? — कळलं ते असं, का ती पान्याचा गडवा गालाले लावून बसे. पितळी, थंडा. एकाच बाजूले. मी गडवा घेतला की पाट्याचा दगड. उजेडाले नेली तर गाल सुजलेला, अन् वास — दाढ. दुधाची दाढ किडली होती, खालून पिकली होती. अन् माह्या लेकराले 'दुखते' हा शब्द नाई. असता तर आमच्या कोनाचा तरी 'दुखते' परत म्हनली असती. साऱ्या गावात दुखते दुखते चालू होतं तेव्हा, अन् तिनं तेवढाच नाई उचलला.

लवंग धरायचा परयत्न केला, जमलं नाई. दवाखाना तालुक्याले, तथी मानमोडीचे लोकं वट्ट्यावर झोपलेले, दाढेसाठी कोन पाहन. बाजारात रहेमतुल्ला बसे, दात काढाले, चिंचेखाली चादर आंथरून. तोही नुकता तापातून उठला होता, त्याच्या घरी तर दोन गेले होते. निवृत्ती गेला, बंडीत घालून आनलं त्याले. दुरूनच पाह्यलं त्यानं तिले. म्हने, 'धरना पडेगा बाई, चार आदमी लगेंगे.' धरलं. मी, हे, निवृत्ती अन् सालदार. विमलबाई, तुमच्यापुढं काय सांगू — बकरं धरतात तसं धरलं मी माह्या लेकराले. तिनं त्याचं बोट फोडलं, माह्या छातीत लाथ मारली अन् सुटली. सुटली ते गायब. मी हिरीत पाह्यलं पयले. हाव, हिरीतच पाह्यलं — अन् आता खरं सांगते, पान्यात काईच दिसलं नाई तवा मले जे वाटलं ते... नाई. ते नाई सांगत मी.

ती कापसात होती. आतल्या खोलीत, ढिगाच्या पोटात. एक पाय दिसे फक्त. ओरडत नोती. आठ दिसात पयल्यांदा घरात असं शांत. चहूकडून कापूस दाबून राह्यला होता ना तिले, तिले तसंच लागते. निवृत्ती ओढाले गेला, मी त्याले मागं ढकललं. मीच शिरली आत. कापसात शिरलं का कधी? आवाज नाई येत जगाचा. मी तिच्या बाजूले पडून राह्यली, बोलली नाई, पाह्यलं नाई. बऱ्याच वेळानं मी तिच्या कपाळावर तळहात ठेवला. दाबला. अन् म्हनलं — माह्या तोंडातून शालूचाच आवाज निघाला, कसा निघाला देव जाने — म्हनलं, 'वर.' तिनं आ केला.

मी वर बोट फिरवलं, अन् काढलं. 'खाली.' फिरवलं. डाव्या हातानं मी मागं इशारा केला, रहेमतुल्ला सरपटत आला, कापसातून, दात उपटाचा जंबुरा धोतराखाली लपवून, रडून राह्यला होता तो म्हातारा. मी म्हनलं, 'मागं.' अन् बोटाच्या जागी त्याचा जंबुरा गेला.

दाढ एका झटक्यात निघाली. पू आला, रगत आलं, तो पांढरा कापूस निरा लाल. मी म्हनलं 'झालं, झालं, झालं माय' — अन् तिनं माह्याकडं पाह्यलं. डोळ्यात डोळा घालून. मी म्हनलं ना, एखाद्याच खेपी — ती खेप ही. आन देवाची, त्यापेक्षा नसतं पाह्यलं तर बरं होतं.

वाचली ती. झोपली, उठली, भाकर खाल्ली. गाल उतरला. रहेमतुल्लानं हात चोखा केला होता, कोनी बी तेच केलं असतं, वैद्यानं बी. पन त्या दिवसापासून मी 'झालं' म्हनलं की ती माह्या तोंडावर हात ठेवते. कशाले बी म्हनलं तरी — सैपाक झाला म्हनलं, ऊन झालं म्हनलं — येऊन तोंड दाबते माहं. दगडावर जात नाई. माह्यापुढं आता तोंड उघडत नाई, भाकर बी पाठ फिरवून खाते. अन् तिकडच्या बाजूची दुसरी दाढ काळी पडून राह्यली, जांभई देल्ली की दिसते मले. ते शब्द वाया गेले, विमलबाई. माह्या तोंडचे वाया गेले. आता कोनी नवीन पाह्यजे. नवीन मानूस, नवीन आवाज, जिनं तिले कधी धरलं नाई अशी. तिनं आपले वेगळे शब्द सांगावे, वर्स लागो, दोन वर्स लागो — मी किती दिवस आहे? रगत पडते माह्या खोकल्यात, यायले ठाऊक नाई अजून. मी गेली मंग ह्या पोट्टीले कोन —

निवृत्ती? नाई, त्याचं मन नाई. तो म्हनला, 'माय, मी कोनाले आनत नाई.' मीच लावलं हे सारं. तुम्हाले निरोप मीच धाडला, यायच्या नावानं. आता तोंडातून निघालं ते निघालं. मले लेकाले बायको नोती पाह्यची, खरं सांगू, मले सरूले मानूस पाह्यचं होतं. म्हनूनच बांगड्या इचारल्या, हात इचारले. तुम्हाले राग येईन, यायलेच पाह्यजे, कोनती माय आयकून घेईन असं. तुम्ही उठून जासान म्हनूनच मी —

काय म्हनलं? चालते?

सारं आयकून बी चालते म्हनता? — नाई, तुम्हाले नीट कळलं नाई वाटते. तुमची रुख्मिणी ह्या घरात येऊन... हाव, तेच. चालते. काई हरकत नाई. बरं. गरीब आहे म्हनता, तोंडातून आवाज काढत नाई, काई मागत नाई, कोपऱ्यात बसवलं तर कोपऱ्यात बसते... लय चांगलं — लय... थांबा. तुम्ही तिले 'भाऊजीची' म्हनल्या आता. तुमची लेक नाई ती? पुतनी. मायबाप दोन्ही मानमोडीत गेले. अन् तुमच्या घरी सोताच्या तीन आहेत. हाव. कळलं. नाई, मी काई म्हनत नाई तुम्हाले, तुम्ही बी कोनाकोनाले पुरसान. लवकर कुठंतरी लागली म्हंजे सुटलो. अन् बोलते कवापासून नाई ती? मायबाप गेले तवापासून. अगुदर बोले. लय बोले म्हनता.

इचारलं का तिले?

कायले इचारा लागते म्हनता. हाव. मलेबी कोनी इचारलं नोतं, शालूले बी नाई.

उठा विमलबाई. नाई, बसा नोका आता. राग नाई माहा, मी तुमच्याहून चांगली नाई. दोन घडी अगुदर तुम्ही हाव म्हनल्या असत्या तर मी पाया पडली असती तुमच्या, अन् ती पोर ह्या दारातून आत आली असती, अन् मी तिचे हातच पाह्यले असते, तोंडाकडं नसतं पाह्यलं. मी नसती अन् असा एखादा मानूस सरूले बी पाहाले आला असता, तुमच्यासारखी कोनी चालते म्हनली असती... नाई. मले नाई होत. सपरीत जाऊन सांगा, जमत नाई म्हना. हे ओरडतील, ओरडू द्या. पत्रिकेचं कारन सांगा, काईबी सांगा.

तिचं लग्न एवढ्यात नोका करू. बोलू द्या तिले पयले. अन् बोलली नाई तरी — जाऊ द्या, मी कोन सांगनारी. बंडी जुतून राह्यले वाटते, आवाज येऊन राह्यला बैलायच्या घंट्यायचा. सरूच्या बाजूनं नोका जाऊ, तिले घंट्यायचा तरास होते, कानावर हात आहे पाहा तिचा. तिकडून जा. दाराकडून. लवकर जा माय.